मागच्या वेळी आपण आलात

मी नक्की काय काम करते, हे माझ्या जाऊबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "कॉम्प्युटरवर बसते" एवढ्यावर त्यांनी माझी सगळी नोकरी निकालात काढली होती. आमचे हे मात्र आल्यागेल्याला सांगायचे, "ही दारावर बसते. येईल त्याला कोण म्हणून विचारते आणि खात्री पटल्याशिवाय आत घेत नाही." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई कुठंतरी वॉचमनकी करते. तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, इतकं नेमकं मला स्वतःला कधी सांगता आलं नसतं.

जुळे सोलापुरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली घरमालकांचं बिऱ्हाड, त्यामुळे दुपारच्या मीटिंगला शेंगाचटणी कुटल्याचा आवाज हमखास असायचा. वर आम्ही मोजकी माणसं लोकांना वेबसाइट बनवून द्यायचो. चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने, डाळ मिल, मंगल कार्यालयाचं बुकिंग, मोहोळच्या द्राक्षवाल्यांचा संघ, आलं ते काम घ्यायचो. त्यातलं लॉगिनचं काम माझ्याकडे. दुसऱ्या कुणाला ते नको असायचं, कारण ते नीट चाललं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं तर सगळं गाव फोन करतं.

हे काम काय असतं ते साध्या शब्दांत सांगते. तुम्ही एखाद्या वेबसाइटवर जाता, तिथं बटण असतं, "अमुक खात्याने आत या." म्हणजे नवा पासवर्ड करायला नको, तुमचं मेलचं खातं ज्या मोठ्या कंपनीकडे आहे ती तुमची ओळख देते. बटण दाबलं की आमची साइट तुम्हाला त्या कंपनीकडे पाठवते. तिथं तुम्ही ओळख पटवता. मग ती कंपनी एक चिठ्ठी देते आणि ती चिठ्ठी आमच्याकडे येते. या चिठ्ठीला टोकन म्हणतात. तिच्यावर लिहिलेलं असतं, ही कुणी दिली, कुणासाठी दिली, कोणत्या साइटसाठी दिली, कधी दिली आणि कधीपर्यंत चालेल. शेवटी सही असते.

सगळी मेख त्या सहीत. कंपनीकडे एक गुप्त किल्ली असते, तिनेच ती सही होते. दुसरी एक किल्ली ती कंपनी उघड जगाला देऊन ठेवते. त्या उघड किल्लीने सही करता येत नाही, फक्त तपासता येते. चिठ्ठीतलं एक अक्षर जरी कुणी बदललं, तरी सही जुळत नाही. मी आयुष्यभर त्या सह्या तपासत आले, म्हणजे तपासणारा प्रोग्रॅम लिहीत आणि सांभाळत आले.

लोकांना वाटतं, सही जुळली की झालं. तसं नसतं. चिंचोळीच्या गेटवर तुम्ही खरा शिक्का असलेला पास दाखवलात, पण तो शेजारच्या कारखान्याचा असला, तर तुम्हाला आत सोडतील का? तसंच इथं. चिठ्ठी खरी, सही खरी, पण दिलेली दुसऱ्याच साइटसाठी. ती परत पाठवायची. मुदत संपलेली असली तर तीही परत. आणि काही चिठ्ठ्या तर इतक्या निर्लज्ज की स्वतःच वर लिहून येतात, "मला सही नाही, तशीच घ्या." हसू नका. पूर्वी काही तयार प्रोग्रॅम चिठ्ठीचं ऐकून अशांना खरोखर आत घ्यायचे. मी घेतलं नाही. सही आहे की नाही हे चिठ्ठीने आम्हाला सांगायचं नसतं, आम्ही ठरवायचं असतं. आमच्या कंपनीच्या मालकांना माझा हा स्वभाव जड जायचा. एका माजी सरपंचांनी त्यांना फोन करून सुनावलं होतं की सगळा तालुका मला ओळखतो, तुमची मशीन कोण लागून गेली? मालकांनी फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, तालुक्याने सही करून पाठवलं तर घेते.

चिंचोळीच्या एका टॉवेल कारखान्याची गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तिथल्या मालकांचा हट्ट होता की सर्व्हर आमच्याच आवारात पाहिजे. ठीक म्हटलं. साइट सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून एकही माणूस आत जाईना. प्रत्येक चिठ्ठीला आमचा प्रोग्रॅम म्हणायचा, मुदत संपली. सही बरोबर, नाव बरोबर, आत्ताच दिलेली चिठ्ठी, आणि मुदत संपली कशी? शेवटी रिक्षा करून कारखान्यात गेले. आत शिरताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या मनगटाकडे पाहिलं. कारखान्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं. कामगार वेळेवर यावेत म्हणून तिथं घड्याळ पुढंच ठेवायची पद्धत. मॅनेजर इतके शिस्तीचे की त्यांनी आवारातली सगळी घड्याळं जुळवून घेतली होती, सर्व्हरसुद्धा. चिठ्ठीचं आयुष्य पाच मिनिटांचं, त्यामुळे ती बिचारी तिथं पोचायच्या आधीच मेलेली असायची.

मॅनेजर काकुळतीला आले. त्यांचं म्हणणं, घड्याळ बरोबर केलं तर सगळे उशिरा येतील की. शेवटी भिंतीवरचं घड्याळ पुढं आणि सर्व्हरचं बरोबर, असा तह झाला. पुढच्या खेपेला गेले तर सर्व्हरवर कागद चिकटवलेला होता, "हे घड्याळ मागे आहे."

अशा कामाचा माणसाच्या स्वभावावर परिणाम होतोच. आमचे हे शाळेत शिक्षक. संध्याकाळी स्कूटर लावून वर यायचे, बेल वाजवायचे. मी आतून विचारायची, "कोण?" स्कूटरचा आवाज ओळखीचा, पावलं ओळखीची, तरी विचारायची. ते म्हणायचे, "मीच." मी म्हणायची, "मीच म्हणजे कोण? हे काही नाव नाही." मग ते दारातून शाळेच्या हजेरीसारखं पूर्ण नाव सांगायचे, वडिलांच्या नावासकट, आणि शेजारच्या वहिनी हसायच्या. हा खेळ आम्ही कित्येक वर्षं खेळलो. कधी कंटाळा आला नाही.

आता सायन्नाकाकांबद्दल सांगते. खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला बसले आहे.

चादरी आणि टॉवेलांवरच्या नक्ष्या काढणारे काही कलाकार एकत्र आले होते आणि त्यांनी आमच्याकडून एक साइट करून घेतली होती. आपापली डिझाइनं तिथं ठेवायची, कारखानदाराला हवं ते दाखवायचं, न विचारता कुणी उचलू नये म्हणून कुलूप माझं. या साइटवर आत आल्याबरोबर वर एक ओळ दिसेल अशी मी सोय केली होती: "मागच्या वेळी आपण आलात," आणि पुढं दिवस आणि वेळ. आमचे मालक म्हणाले, कशाला उगाच गर्दी? मी म्हटलं, आपल्या मागे दुसरं कुणी येऊन गेलं तर घरधन्याला कळायला नको का? माझ्या नोकरीत मी हट्टाने करून घेतलेल्या गोष्टी थोड्या आहेत. त्यातली ही एक ओळ.

एका सकाळी सायन्नाकाका जिना चढून वर आले. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतले जुने डिझाइनर, घरात तेलुगू बोलणारे, सत्तरीच्या आसपासचे. शर्टाच्या खिशात पेनऐवजी रंगीत पेन्सिली. चौकटीच्या ग्राफ कागदावर एकेक चौकोन रंगवून चादरीची नक्षी काढायची, मग त्यावरून जकार्डची भोकाभोकांची कार्डं पाडायची आणि ती मागावर चढवायची, असं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. हुरड्याच्या कणसांची त्यांची एक किनार होती. ती कुणीतरी परस्पर उचलली होती आणि काकांनी ती एस. टी. स्टँडवर एका परक्या माणसाच्या खांद्यावरच्या चादरीत पाहिली होती. तेव्हापासून त्यांनी नवं डिझाइन काढणंच सोडलं होतं. जुनी होती ती तरी सांभाळायची, एवढंच उरलं होतं.

खुर्चीवर न बसताच ते म्हणाले, "ताई, माज्या घरात कोन तरी शिरतंय."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग कळलं ते असं. काका रोज सकाळी दहाला, चहा झाल्यावर, फोनवर साइट उघडून आपली डिझाइनं बघायचे. दुपारनंतर त्यांना दिसायचं कमी, म्हणून संध्याकाळी ते फोनला हातच लावत नसत. आणि वरची ती बारीक ओळ, जी त्यांनी आता कुठं वाचायला घेतली होती, ती मात्र सांगत होती, मागच्या वेळी आपण आलात, काल संध्याकाळी सात. असं रोज. "आत्ताच्या आत्ता कुलूप घाला," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्याची कमाई त्या चौकोनांत होती, हे मला सांगायची गरज नव्हती.

मी तपासायला बसले. खरं सांगते, मला आधी स्वतःची भीती वाटली. माझ्या दारातून खोटा माणूस आत गेला असेल तर? संध्याकाळच्या चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. सही बरोबर. देणारी कंपनी तीच. आमच्याच साइटसाठी दिलेली. मुदतीत. आणि खात्याचा क्रमांकही तोच, जो सकाळच्या चिठ्ठीवर होता. येणारा चोर नव्हता. तो त्याच खात्याचा होता. मग मी काकांचा फोन हातात घेतला, साइट उघडली, आणि इतके दिवस काकांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट पहिल्यांदा वाचली. वर लिहिलं होतं, "नमस्कार, श्रीनिवास."

मी विचारलं, श्रीनिवास कोण?

काकांनी खिशातल्या पेन्सिली उगाच सारख्या केल्या. मग म्हणाले, "पोरगं माजं."

आमच्याकडे घरोघर ही पद्धत आहे. घरात शिकलेलं पोरगं जे मेलचं खातं काढतं, ते सगळ्या घराचं होऊन जातं. गॅस त्याच्यावर, लाइट बिल त्याच्यावर, बहिणीचा निकाल त्याच्यावर. आपलं म्हणून वेगळं खातं असतं हे कुणाच्या गावीही नसतं. श्रीनिवासने जाताना स्वतःचा जुना फोन बापाजवळ ठेवला होता. त्याआधी बसून काकांच्या सगळ्या ग्राफ कागदांचे फोटो काढून साइटवर त्यानेच चढवले होते. काका बटण दाबायचे, दार उघडायचं. त्यांना वाटायचं, पोराने चढवलंय म्हणून त्याचं नाव लिहिलंय.

आणि तो गेला होता भांडून. कॉम्प्युटरवर डिझाइन करायला शिकला होता, बापाला म्हणाला होता की कागदाचे दिवस संपले. काका म्हणाले होते, ज्याने चौकोन मोजले नाहीत त्याला नक्षी दिसत नाही. बोलाबोली वाढली. पोरगं सुरतेला गेलं. आई आधीच वारलेली. मध्ये दसरे आले, दिवाळ्या आल्या, फोन कुणी कुणाला केला नाही. पुढं तर त्याचा नंबरही बदलला.

आता माझी पंचाईत झाली. माझ्या नियमाने पाहिलं तर संध्याकाळी सातला येणारा खरा मालक होता. परका माणूस माझ्यासमोर बसलेला होता, पेन्सिली खिशात घालून. हे मी काकांना जमेल तितकं हळू सांगितलं. म्हटलं, तुमच्या नावाचं नवं खातं काढते, सगळी डिझाइनं तिकडे हलवते. मग तुमच्याशिवाय कुणी आत येणार नाही.

त्यांनी त्यातलं एकच ऐकलं. "म्हंजी, त्यो बगतोय व्हय?"

मी म्हटलं, रोज बघतोय. आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं ते पुढं सांगितलं. काका, ही ओळ त्यालाही दिसते. तो संध्याकाळी आत आला की त्याला दिसतं, मागच्या वेळी आपण आलात, आज सकाळी दहा. आपल्या खात्यातून दुसरं कुणी येतंय हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मनात आणलं असतं तर एका मिनिटात त्याने पासवर्ड बदलला असता आणि तुम्ही बाहेर राहिला असता. त्याने बदललेला नाही.

काकांनी फोन माझ्या हातून घेतला, शर्टाच्या टोकाने काच पुसली आणि त्या नावाकडे बघत राहिले. मी मुद्दाम पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा ते जायला निघाले होते. "ऱ्हाऊ द्या, ताई," ते म्हणाले. "त्याच्याच नावानं जातो मी."

हे नियमात बसत नव्हतं. पण ज्याचं घर त्यानेच दार लोटून ठेवलं होतं. मी कोण कडी घालणारी?

त्यानंतर काकांनी पुन्हा पेन्सिली धरल्या. नवी डिझाइनं साइटवर येऊ लागली. करडईच्या फुलांची एक, सिद्धेश्वराच्या तलावातल्या पाण्याच्या रेघांची एक. शेजारच्या कुणाकडून तरी फोटो काढून घेऊन चढवायचे. सकाळी दहाला एक चिठ्ठी यायची आणि संध्याकाळी सातला एक. दोन्ही त्याच नावाच्या, दोन्ही खऱ्या. मधल्या काळात त्यांनी एकमेकांना एक शब्द लिहिला नाही. मी काकांना एकदा सुचवून पाहिलं की निदान डिझाइनच्या नावात तरी काहीतरी लिहा. ते नुसते हसले. मी सकाळी ऑफिसात आले की आधी दहाच्या चिठ्ठीची वाट बघायची आणि मग कामाला लागायची. या दोघांचं असं चाललंय हे आमच्या ह्यांना माहीत होतं. संध्याकाळी दारातून पूर्ण नाव सांगून झालं की ते विचारायचे, "आला का गं सातचा?"

एक दिवस सकाळची चिठ्ठी आली नाही. म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले असतील. दुसऱ्या दिवशीही नाही. मग साइटच्या दुसऱ्या एका डिझाइनरला फोन केला, तो काकांच्याच गल्लीतला. कळलं की काका न्हाणीत घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलंय. मुलाला कळवायचं तर कुणाकडे नंबर नाही. मी त्याच दुपारी गेले. जाताना मनात जुळवत होते की त्या कंपनीमार्फत मुलाला निरोप कसा पोचवता येईल. पोचवता येत नाही, हे मला कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. आम्ही चिठ्ठीत फक्त नाव आणि खात्याचा क्रमांक मागायचो, मेलचा पत्ता नाही; त्यातून माणूस खरा आहे एवढं कळतं. तो कुठं आहे, कसा आहे, हे आमच्या चिठ्ठीत नसतं.

वॉर्डात काकांच्या खाटेशी एक माणूस बसून मोसंबी सोलत होता. चेहऱ्यावर प्रवासाचा धुरळा. मला वाटलं, पुतण्या असेल. काका उशीवरून म्हणाले, "ताई, ह्यो श्रीनू."

सवयीने माझ्या तोंडून निघता निघता राहिलं, कोण श्रीनू? मी विचारलं, तुम्हाला कळवलं कुणी?

बापाला तो तेलुगूत नायना म्हणायचा. मोसंबीकडे बघत म्हणाला, "कुणी न्हाय. रोज उगडलं की सकाळी दहाची येळ दिसायची. म्हंजी नायना उटले, चहा झाला, बसलेत. मग मी जेवायचो. त्या दिवशी उगडलं तर आदल्या संध्याकाळची दिसली. म्हंजी माजीच." त्याने मोसंबीची साल कागदावर ठेवली. "मिळंल त्या गाडीनं निगालो."

काका छताकडे बघत पडले होते. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे चाललं होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. पोराने मोसंबीची फोड त्यांच्या तोंडात घातली. मी उगाच सलाइनची बाटली बघत उभी राहिले, कारण मलाही दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं.

काका हिंडते झाल्यावर पोराबरोबर सुरतेला गेले. जायच्या आधी दोघं ऑफिसला आले, काका काठी टेकत एकेक पायरी चढून. मी म्हटलं, काका, आता तरी तुमच्या नावाचं खातं काढू का?

"कशाला, ताई?" ते म्हणाले. "आता हाक मारली की ओ देतोय की त्यो."

ते गेले आणि त्या खात्यावर सकाळी कुणी येईना, संध्याकाळीही येईना. यायची गरजच उरली नव्हती. दोघं एका घरात होते, एका ताटावर भांडत असतील, कागदावरून आणि कॉम्प्युटरवरून. मला त्याचा आनंद होता. तरी दहा वाजले की मी त्या चिठ्ठीची वाट बघायची, आणि ती आली नाही की दिवस अळणी जायचा. एखाद्याचं बरं झालं म्हणून आपल्याला चुकल्यासारखं वाटावं, हे कुणाला सांगायचं? ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू दारावर बसलीस म्हणून ते दोघं भेटले. आता दार मोकळं आहे, तर बस की निवांत."

मी निवृत्त झाले. लॉगिनचं काम आता ऑफिसात कुणी हाताने करत नाही. तयार सेवा विकत मिळते, ती सह्या तपासते आणि माझ्यापेक्षा चोख तपासते. जाताना मी नव्या लोकांना एवढंच म्हटलं, बाकी सगळं बदला, पण नक्ष्यांच्या साइटवरची ती वरची ओळ काढू नका. का, ते सांगितलं नाही. मुलं भली आहेत, अजून काढलेली नाही.

निवृत्तीच्या पुढच्या वर्षी हे गेले. अचानक, शाळेच्या एका कार्यक्रमातून परत यायच्या वेळेला. मला त्यांची फार आठवण येते. संध्याकाळी बेल वाजली की मी अजून आतून विचारते, कोण? दूधवाला असतो, शेजारच्या वहिनी असतात. प्रत्येक जण शहाण्यासारखं आपलं नाव सांगतो. "मीच" असं कुणी म्हणत नाही. ज्या एका शब्दावर मी रोज हुज्जत घातली, तो आता कुणी बिनसहीचा, बिननावाचा दारातून नुसता बोलला असता, तर मी काही न विचारता कडी काढली असती.

रोज संध्याकाळी सातला मी नक्ष्यांची ती साइट उघडते. माझं चाचणीचं जुनं खातं चालू आहे. करडईची फुलं बघते, तलावाच्या रेघा बघते. पण त्याआधी वरची ओळ वाचते. मागच्या वेळी आपण आलात, काल संध्याकाळी सात. रोज वाचते, आणि रोज ती वेळ माझीच असते.